टाकीतून बाहेर पडणारे पाणी जाणार कुठे?

पत्र: आम्ही दोघे सेवानिवृत्त शिक्षक असून नाशिकजवळच्या गिरणारे परिसरात घेतलेल्या पाच गुंठ्यांच्या एन.ए. प्लॉटवर घर बांधत आहोत. मुलगा, सून आणि नात धरून घरात पाच माणसे राहतील. सणासुदीला हा आकडा दहापर्यंत जातो. येथे भुयारी गटार नाही. प्लॉट पूर्व-पश्चिम साठ फूट आणि दक्षिणोत्तर नव्वद फूट आहे. रस्ता पश्चिमेला आणि जमिनीचा उतार दक्षिणेकडे, नाल्याच्या दिशेने आहे. ईशान्य कोपऱ्यात बोअरवेल घेऊन झाली आहे. आग्नेय कोपऱ्यापासून सरळ दक्षिणेला चाळीस फुटांवर शेजारच्या शेतकरी कुटुंबाची जुनी विहीर असून ते घर तेच पाणी पिते. भर पावसाळ्यात विहिरीचे पाणी जमिनीपासून सात फुटांवर येते. ठेकेदारांनी खणलेल्या खड्ड्यात वर तीन फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि आठ फुटांवर खडक लागला. आग्नेय कोपऱ्यात खडक फोडून बारा फूट खोल, तळ मोकळा असलेली टाकी करावी, ‘ती कधीच भरत नाही’, असे ते म्हणतात. एका विक्रेत्याने बायो-डायजेस्टर आणि माझ्या दिरांनी छोटा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया संयंत्र) सुचवला आहे. यांपैकी काय निवडावे?

उत्तर: आपण उतार, अंतरे आणि मातीचे थर इतक्या नेमकेपणाने कळवले आहेत, की मोघम सल्ला देण्याचे कारण उरलेले नाही. कोणती टाकी घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याआधी दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लागला पाहिजे. टाकी कोणतीही असो, जेवढे पाणी तिच्यात जाते तेवढेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, आणि ते पाणी आपल्या जमिनीत नेमके कुठे जाणार, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. घरात दरडोई रोज 135 लिटर पाणी वापरले जाते असे धरले आणि त्यातले ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे मानले, तर पाच माणसांचे रोजचे सांडपाणी साधारण 540 लिटर होते. वर्षभर, पावसाळ्यातसुद्धा, एवढे पाणी आपल्या पाच गुंठ्यांत कुठेतरी जिरायचे आहे.

ठेकेदारांची सूचना सर्वप्रथम बाजूला ठेवावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. तळ मोकळा असलेली टाकी भरत नाही हे खरे आहे, पण तिची खरी अडचण तीच आहे. ती भरत नाही, कारण तिच्यातले मैलापाणी कोणतीही प्रक्रिया न होता खाली निघून जाते. आपल्या शेजाऱ्यांच्या विहिरीला पावसाळ्यात सात फुटांवर पाणी असते. म्हणजे बारा फुटांच्या खड्ड्याचा खालचा बराचसा भाग श्रावण-भाद्रपदात भूजलातच बुडालेला राहील आणि संडासाचे पाणी थेट विहिरीच्या पाण्यात मिसळेल. त्यात आठ फुटांवर खडक आहे. नाशिकचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. त्यात पाणी वाळूतल्यासारखे गाळून निघत नाही, तर सांधे आणि भेगा धरून वाहते. कुठे मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र खडकाचा थर लागतो, कुठे उभी भेग लागते, आणि अशा वाटेने जंतू किती लांब जातील याचा वरून अंदाज बांधता येत नाही. ब्रेकर लावून खडक फोडणे म्हणजे ही वाट आपल्या हाताने उघडून देणे होय.

माती मात्र सांडपाणी खरोखर शुद्ध करते, आणि तेही तिच्या वरच्या काही फुटांतच. तेथे हवा खेळती असते, मुळे असतात आणि सेंद्रिय पदार्थ खाणारे सूक्ष्मजीव असतात. पाणी त्या थरातून सावकाश झिरपले तर जंतू अडतात, मरतात आणि घाणीचे विघटन होते. म्हणूनच सांडपाणी जितके उथळ आणि जितके पसरून सोडावे तितके चांगले. खोल खड्डा हा शुद्ध करणारा थर ओलांडूनच खाली जातो.

अंतराविषयी भारतीय मानक 2470 मध्ये स्पष्ट सूचना आहे. सेप्टिक टाकीचे पाणी जमिनीत जिरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 18 मीटरपेक्षा आणि राहत्या घरापासून 6 मीटरपेक्षा जवळ असू नये. अठरा मीटर म्हणजे साधारण साठ फूट. आपला आग्नेय कोपरा विहिरीपासून चाळीस फुटांवर आहे, म्हणजे तो पहिल्याच कसोटीत बाद होतो. शिवाय हे अंतर मातीच्या जमिनीसाठी किमान म्हणून आहे. भेगाळ खडकाच्या जमिनीत ते पाळले म्हणजे सुरक्षितता मिळाली, असे समजू नये. आपली बोअरवेल ईशान्येला, उताराच्या वरच्या अंगाला आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु उताराच्या खालच्या अंगाला दुसऱ्याची विहीर आहे. आपल्या घराच्या सांडपाण्याचा त्रास आपल्याला होणार नाही, त्यांना होईल, आणि त्यांना तो कशामुळे होतो आहे हे कळणारही नाही. या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच बाब आहे.

आता पर्यायांकडे वळू. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय हा ग्रामीण महाराष्ट्रासाठी अतिशय उत्तम पर्याय आहे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिल्यातील मैल्याचे खत होऊ द्यायचे, इतके ते सोपे असते. त्याला टँकरही लागत नाही आणि वीजही लागत नाही. जेथे माती खोल आणि पाण्याची पातळी बरीच खाली आहे अशा जागेवर आपण घर बांधत असता, तर मी बहुधा हाच पर्याय सुचवला असता. परंतु या खड्ड्याचा तळ पावसाळ्यातील सर्वांत उंच जलपातळीच्या किमान दोन मीटर वर असावा लागतो. आपल्याकडे पाणी सात फुटांवर येत असल्याने खड्ड्यासाठी जेमतेम अर्धा फूट खोली उरते. हा पर्याय आपल्या प्लॉटला लागू पडत नाही.

छोट्या एसटीपीविषयी दिरांनी चांगल्या हेतूने सुचवले असणार. त्यात हवा सोडणारा ब्लोअर सतत चालावा लागतो, कारण आतले जीवाणू हवेवर जगतात. वीज दीर्घकाळ गेली, किंवा घर महिनाभर बंद राहिले आणि सांडपाणी येणे थांबले, की ते मरतात आणि यंत्रणा पुन्हा रुळावर यायला काही आठवडे लागतात. पंप आणि ब्लोअरची देखभाल, साठलेला गाळ काढणे आणि या सगळ्याची जाण असलेला माणूस वेळेवर मिळणे, हे एका घराला परवडणारे नाही. आपल्या लेआउटमधील दहा-पंधरा प्लॉटधारक एकत्र येऊन सामायिक एसटीपी उभारणार असतील आणि त्याच्या देखभालीसाठी दरमहा पैसे काढणार असतील, तर गोष्ट वेगळी. तसा विचार लेआउटच्या बैठकीत जरूर मांडावा.

बायो-डायजेस्टरचे तंत्र डीआरडीओने सियाचेनसारख्या अतिथंड जागांवरील जवानांच्या गरजेतून विकसित केले आणि पुढे ते रेल्वेच्या डब्यांतही आले, त्यामुळे त्या नावाभोवती मोठे वलय आहे. मुळात ती हवेविना चालणारी, कप्पे पाडलेली टाकी आहे. चांगल्या बनावटीची असेल तर साध्या टाकीपेक्षा घाण काहीशी अधिक कुजवते, परंतु तिच्यातून बाहेर पडणारे पाणी थेट विहिरीशेजारी सोडण्याइतके शुद्ध नसते. ‘यातून स्वच्छ पाणी येते’ असे विक्रेता म्हणत असेल, तर बसवून एक वर्ष झालेल्या एखाद्या घराच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा प्रयोगशाळेतील अहवाल मागावा, आणि त्यात बीओडीसोबत (पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप) मलजन्य कोलिफॉर्म जीवाणूंचा आकडा आहे का ते पाहावे. असा अहवाल दाखवला तरी टाकीपुढची व्यवस्था टळत नाही, आणि ती करायचीच असेल तर साधी, नीट बांधलेली सेप्टिक टाकी पुरेशी आहे.

म्हणून माझा सल्ला असा: पूर्णपणे जलरोधक, दोन कप्प्यांची सेप्टिक टाकी, तिच्यापुढे तळाला अस्तर असलेला, झाडे लावलेला खडीचा वाफा, आणि त्यातून निघालेले पाणी उथळ चरांतून फळझाडांच्या ओळीला. हे सर्व नैऋत्य बाजूला असावे. आग्नेय कोपऱ्यापासून नैऋत्य कोपरा साठ फूट दूर असल्याने शेजाऱ्यांच्या विहिरीपासूनचे अंतर बहात्तर फुटांवर जाते आणि आपल्या बोअरवेलपासून तर शंभर फुटांहून अधिक होते. रस्ता पश्चिमेला असल्याने टाकी उपसणारी गाडीही तेथवर सहज पोहोचेल. वास्तूच्या कारणाने नैऋत्येला कोणी हरकत घेण्याची शक्यता आहे. घरातल्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो, तरीही येथे उतार आणि विहीर यांचाच शब्द अखेरचा मानावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मंजूर नकाशात टाकीची जागा आग्नेयेला दाखवली असल्यास काम सुरू होण्यापूर्वी आर्किटेक्टकडून ती बदलून घ्यावी, आणि संडास-न्हाणीघरे शक्य तेवढी पश्चिमेकडे घ्यावीत.

टाकीचे माप दहा माणसांचे धरा. त्याच मानकानुसार दहा माणसांसाठी आणि दोन वर्षांतून एकदा उपसण्याच्या हिशेबाने आतील लांबी 2 मीटर, रुंदी 0.9 मीटर आणि पाण्याची खोली 1.4 मीटर लागते; त्यावर 30 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर पाणी टाकीत राहील. जलपातळी वर येत असल्याने टाकी जास्त खोल जाऊ नये म्हणून घराचे जोते थोडे उंच घ्यावे. तरीही अडचण आली तर खोली कमी करून लांबी वाढवावी, मात्र पाण्याची खोली एक मीटरच्या खाली आणू नये. मधली भिंत आत येण्याच्या तोंडापासून दोन-तृतीयांश लांबीवर असावी. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा जोड, बसवावा. आत येणाऱ्या पाइपाच्या टीचे खालचे टोक पाण्याच्या पातळीखाली सुमारे 30 सेंटिमीटर बुडालेले असावे, म्हणजे वरची साय ढवळली जात नाही, आणि बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा 5 सेंटिमीटर खाली असावा. या दोन टींवर गवंडी हमखास काटकसर करतात. टी नसलेल्या टाकीतून तरंगता मैला सरळ पुढे जातो आणि पुढचा वाफा काही महिन्यांत तुंबतो. म्हणून झाकण बसण्यापूर्वी आपण स्वतः वाकून ते पाहावेत.

काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या या ओढाताणीत विटांची भिंत तडकते. शक्य असल्यास टाकी आरसीसीची करावी आणि तिच्या चहूबाजूंनी निदान एक फूट काळी माती काढून मुरूम किंवा वाळू भरावी. तयार प्लास्टिकची टाकी घेणार असाल तर ती खालच्या काँक्रीटला नीट जखडून घ्यावी, कारण पावसाळ्यात उपसलेली रिकामी टाकी जमिनीखालच्या पाण्याने वर उचलली जाते. बांधकाम झाल्यावर मैलापाणी सोडण्यापूर्वी टाकी साध्या पाण्याने काठोकाठ भरावी, भिंतीला एक दिवस पाणी पिऊ द्यावे, मग खडूने पातळीची खूण करून झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पातळी उतरली असेल तर ठेकेदारांकडून आतले प्लास्टर पुन्हा करून घ्यावे आणि तोवर त्या कामाचे पैसे देऊ नयेत. वायुनलिका टाकीपासून पंधरा मीटरच्या आत घर असल्यास घराच्या छताच्याही दोन मीटर वर न्यावी लागते. आपल्याकडे तसेच करावे लागेल.

टाकीत घाणीचा साधारण एक-तृतीयांश ते निम्मा भार कमी होतो, पण बाहेर पडणारे पाणी अजूनही दुर्गंधीयुक्त आणि जंतूंनी भरलेले असते. ते खडीच्या वाफ्यात सोडायचे. आपल्या उबदार हवामानात माणशी दीड ते दोन चौरस मीटर क्षेत्र धरले तर पाच माणसांसाठी आठ ते दहा चौरस मीटरचा, म्हणजे साधारण वीस फूट लांब आणि पाच फूट रुंद वाफा होतो. खोली दोन फूट. तळाला आणि बाजूंना शेततळ्यासाठी वापरतात तो 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरावा. आपल्या द्राक्षपट्ट्यात तो अंथरणारे कारागीर सहज मिळतात. त्यावर धुतलेली खडी भरावी, दोन्ही तोंडांना मोठी आणि मध्ये बारीक. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन इंच राहील अशा उंचीवर बाहेर जाणारा पाइप ठेवावा. पाणी उघडे पडत नसल्याने डास होत नाहीत आणि वासही येत नाही. या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस किंवा नळ नावाचे उंच गवत लावावे. अळूही जोमाने वाढेल, पण तो खाण्यात येऊ देऊ नये. वाफ्याच्या काठाला वीतभर उंच बांध घालावा, नाहीतर पावसाळ्यात अंगणातले पाणी आत शिरून सगळा हिशेब बिघडेल. याच कारणाने गच्चीचे पावसाचे पाणी कधीही टाकीला जोडू नये.

वाफ्यातून निघणारे पाणी पश्चिमेच्या कुंपणालगत, मुरमापर्यंत न जाता वरच्या मातीतच, दीड फुटांच्या उथळ चरांतून आंबा, चिकू, नारळ अशा झाडांना द्यावे. पालेभाज्या, कोथिंबीर, गाजर-मुळा यांना ते कदापि देऊ नये. हे चर किती लांब लागतील ते मातीची शोषणक्षमता पाहून ठरवावे, आणि ही पाहणी आपण घरच्या घरी करू शकता. ज्या खोलीवर चर घ्यायचे आहेत तेवढा, वीतभर रुंदीचा खड्डा खणावा. फावड्याने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडून मोकळ्या कराव्यात, तळाला दोन इंच बारीक खडी टाकावी आणि खड्डा पाण्याने भरून रात्रभर माती भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी खडीवर सहा इंच पाणी भरून, आडव्या ठेवलेल्या फळीपासून पट्टीने मोजत एक इंच पाणी उतरायला किती मिनिटे लागतात ते टिपावे. अर्ध्या तासाच्या आत इंचभर पाणी उतरले तर चर नीट काम करतील. काळ्या मातीत याहून बराच वेळ लागण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास चरांच्या जागी बाहेरून चांगली पोयट्याची माती आणून फूटभर उंचीचा वरंबा करावा आणि त्यातून पाणी पसरावे. कोरड्या उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर घेतलेले मोजमाप फसवे ठरते, म्हणून माती भिजवण्याची पायरी गाळू नये. दक्षिणेच्या नाल्यात मात्र यातील थेंबही जाता कामा नये; तो नाला अखेर गोदावरीच्याच खोऱ्यात जातो.

न्हाणीघराचे आणि स्वयंपाकघराचे पाणी संडासाच्या टाकीत न सोडता वेगळे काढावे. त्याने टाकीवरचा भार बराच कमी होतो. भांडी घासण्याच्या पाण्यातले तेल आणि खरकटे अडवण्यासाठी छोटे चेंबर करून ते दर आठवड्याला साफ करावे, आणि मग हे पाणी त्याच खडीच्या वाफ्याच्या तोंडाशी जोडावे. केळीच्या वेगळ्या वाफ्यात सोडले तरी चालेल. नांदेड जिल्ह्यात सांडपाण्यासाठी गाजलेला ‘मॅजिक पिट’ हा शोषखड्डा आपल्याला सुचवला जाईल. गटारे आणि डास हटवण्यासाठी त्याचा उपयोग मोठा आहे, पण तो खोल खड्डा असल्याने आपल्या उंच जलपातळीच्या प्लॉटवर मी तो घेणार नाही. संडास साफ करायला रोज ॲसिड किंवा ब्लीच ओतू नये, त्याने टाकीतले जीवाणू मरतात. टाकी ‘सुरू’ करण्यासाठी विकली जाणारी पावडर विकत घेण्याची गरज नाही. लागणारे जीवाणू मैल्यातच असतात.

टाकी दोन ते तीन वर्षांतून एकदा, तीही शक्यतो उन्हाळ्यात, यंत्राने उपसून घ्यावी. गाडीची नळी टाकीच्या झाकणापर्यंत पोहोचते का, हे बांधण्यापूर्वीच विचारून घ्यावे आणि झाकणावर फरशी किंवा बाग करू नये. कोणीही माणूस आत उतरून टाकी साफ करणार नाही, हे आपल्या घराने पक्के ठरवून टाकावे. 2013 च्या कायद्याने तसे करवून घेणे हा गुन्हा आहे, आणि टाकीतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो. उपसलेला मैला गाडीवाला कुठे रिता करतो, हेही विचारावे. आपल्याच जिल्ह्यातील सिन्नर नगरपरिषदेने शहरातील टाक्या तीन वर्षांच्या क्रमाने उपसण्याची पद्धत आणि त्या मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र सुरू केले आहे. आपल्या भागातील गाडीवाल्याकडूनही मैला रानात किंवा नाल्यात न टाकण्याची हमी घ्यावी. गंगापूर रस्त्याला गोवर्धन येथे निर्मल ग्राम निर्माण केंद्र आहे. ही संस्था ग्रामीण स्वच्छतेचेच काम करते, आणि ठेकेदारांसह तेथे एकदा जाऊन आल्यास पुष्कळ गोष्टी न सांगता समजतील.

काम सुरू करण्यापूर्वी आपल्या बोअरवेलचे आणि, शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन, त्यांच्या विहिरीचे पाणी तपासून अहवाल जपून ठेवावा. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये आणि नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. घरात राहायला गेल्यावर दरवर्षी पावसाळा संपता संपता, जलपातळी सर्वांत वर असताना, दोन्ही ठिकाणची तपासणी पुन्हा करावी. विहिरीचा खर्चही आपणच उचलावा, असे मी सुचवेन. आकडे वाढलेले दिसले तर विहिरीचे पाणी उकळून पिण्यास त्या कुटुंबाला लगेच सांगावे, आणि सर्वप्रथम टाकीची गळती व वाफ्याचा प्लास्टिक कागद तपासून घ्यावा.